सगळी काउबॉय गाणी एकसारखी का वाटतात, आणि ती ऐकावीत कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'फॉलआउट : न्यू वेगस' हा व्हिडिओ गेम खेळताना प्रश्नकर्त्यांनी मार्टी रॉबिन्स यांचे 'बिग आयर्न' ऐकले आणि ते डोक्यातून जाईना, म्हणून त्यांनी एका ॲपवर जुन्या काउबॉय गाण्यांची भली मोठी यादी लावली. थोड्याच वेळात सगळी गाणी एकसारखी वाटू लागली. तीच गिटार, तोच ठेका, तेच तीन कॉर्ड, आणि निम्मे शब्द तर कळतच नव्हते. आता त्यांना हे जाणून घ्यायचे आहे की आपला कान कमी पडतो आहे की या गाण्यांत मुळातच फारसे काही नाही. अमेरिकी बोलीची सवय नसताना त्यांचा आनंद घेता येतो का. सुरुवात कोठून करावी. आणि थोडीफार गिटार येत असेल तर ती स्वतः गाता येतील का.

मी व्यवसायाने गिटारशिक्षक आहे. ही गाणी मी स्वतः गातो, विद्यार्थ्यांकडून गाऊन घेतो आणि अधूनमधून छोट्या श्रवणबैठकींत ऐकवतो. पुढचे उत्तर त्या अनुभवावर बेतलेले आहे.

पहिली गोष्ट, कान कमी पडत नाही. अडचण अपेक्षेची आहे. आपण सारे भावगीतावर आणि चित्रपटगीतावर वाढलेलो आहोत. ध्रुवपद, मग वाद्यमेळाचा तुकडा, मग चाल वर नेणारा अंतरा आणि पुन्हा ध्रुवपद, अशी रचना आपल्या अंगवळणी पडलेली असते आणि गाण्यातली गंमत आपण चालीच्या वळणांत शोधतो. बॅलडमध्ये, म्हणजे कडव्या-कडव्याने गोष्ट सांगणाऱ्या गाण्यात, ती तेथे नसते. तेथे एकच चाल दहा-बारा कडव्यांना पुरते, पुष्कळदा ध्रुवपदही नसते, आणि कडव्यागणिक बदलते ती फक्त गोष्ट. अशी गाणी दुसरे काम करता करता, उलटसुलट क्रमाने लावली की गोष्ट निसटते आणि हाती उरते ती चाल. ती सारखी वाटणारच.

आपल्याकडे याला जवळचा प्रकार म्हणजे पोवाडा. तोही चालीपेक्षा कथनावर उभा असतो. फरक आहे तो सादरीकरणात. शाहीर आवाज चढवतो, मध्येच गद्यात बोलतो, डफावर थाप देऊन श्रोत्यांना प्रसंगात ओढतो. काउबॉय बॅलडचा गायक नेमके याच्या उलट करतो. माणूस मेला हे तो ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात पाऊस पडत होता हेही सांगतो. हा सपाटपणा म्हणजे उणीव नव्हे, ती शैली आहे आणि या गाण्यांची जवळजवळ सगळी ताकद तिच्यात आहे. माझ्या वर्गात नव्याने येणाऱ्यांना सर्वांत उशिरा पटते ती हीच गोष्ट.

यापुढे बरेच काही तुम्हाला कशाची ओढ आहे यावर अवलंबून आहे. एखाद्याला गोष्ट खेचते, एखाद्याला तीन-चार आवाजांचा मेळ, तर एखाद्याला केवळ त्या वाळवंटाची कल्पना. 'बिग आयर्न' आवडले याचा अर्थ तुम्हाला बहुधा गोष्ट आवडली असावी, असे धरून मी चालतो. तसे नसेल तर खाली दिलेला क्रम बदलावा लागेल.

तुमच्या यादीत तीन निरनिराळ्या काळांची आणि हेतूंची गाणी एकत्र झालेली असणार, हेही लक्षात घ्यायला हवे. शिवाय तिच्यात निव्वळ कंट्री संगीतही मिसळलेले असण्याची शक्यता आहे, कारण 'बिलबोर्ड' या साप्ताहिकाने १९४९ ते १९६२ या काळात लोकप्रिय गाण्यांची 'कंट्री अँड वेस्टर्न' अशी एकच यादी चालवली आणि तो जोडशब्द पुढे रूढ झाला. वास्तविक कंट्री हे प्रामुख्याने अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या डोंगराळ वस्तीचे, घर, चर्च आणि विरह यांचे संगीत आहे. वेस्टर्न म्हणजे टेक्सासपासून पुढे पश्चिमेकडच्या कुरणांचे, गुरांचे आणि घोड्यांचे. गोव्यात आणि वांद्र्याच्या जुन्या घरांत जिम रीव्ह्ज यांच्या तबकड्या प्रेमाने वाजत. ते जन्माने टेक्सासचे असले तरी त्यांची गाजलेली गाणी दिवाणखान्यातली आहेत, कुरणातली नव्हेत. तेव्हा तुमच्या यादीतून असे सारे आधी बाजूला काढा.

उरलेल्यातला सर्वांत जुना थर म्हणजे प्रत्यक्ष गुरे हाकणाऱ्यांची गाणी. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर टेक्सासमध्ये गुरे उदंड होती आणि उत्तरेकडे मांसाला भाव होता. १८६७ पासून चिझम ट्रेल या मार्गाने कळप कॅन्सास राज्यातल्या ॲबिलीन येथे रेल्वेपर्यंत पायी नेले जाऊ लागले. दोन-तीन हजार गुरांच्या कळपामागे दहा-बारा माणसे असत. रात्री कळप बसला की दोन स्वार त्याच्याभोवती परस्परविरुद्ध दिशांनी संथ फेऱ्या घालत आणि फेरी घालताना गात, म्हणजे अंधारात माणूस कोठे आहे हे गुरांना कळे आणि एखाद्या अचानक आवाजाने कळप बिथरत नसे. शिवाय पहाऱ्यावरच्याला झोप लागत नसे, हा फायदा वेगळाच. या गायनाला बहुधा साथ नसे, कारण गिटार घोड्यावर बाळगण्याजोगी वस्तू नव्हे. गाणे संथ, लांबलचक आणि एका चालीचे का, याचे अर्धे उत्तर या पहाऱ्यात आहे. तीन मिनिटांत संपणारे गाणे तेथे काय कामाचे?

हा सारा व्यवहार फार काळ टिकला नाही. काटेरी तारेचे पेटंट जोसेफ ग्लिडन यांना १८७४ मध्ये मिळाले, कुरणांना कुंपणे पडली, रेल्वे टेक्सासपर्यंत पोहोचली आणि १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात उत्तरेकडच्या कुरणांतली गुरे मोठ्या संख्येने मेली. गाणी छापली गेली ती त्यानंतर. जॅक थॉर्प यांनी १९०८ मध्ये न्यू मेक्सिकोमधून एक छोटे पुस्तक काढले आणि जॉन लोमॅक्स यांचा मोठा संग्रह १९१० मध्ये आला. म्हणजे पुस्तकात येईपर्यंत ही गाणी आठवणींचीच झाली होती. त्यांतला हळवेपणा ऐकताना हे ध्यानात ठेवावे.

या थरातले एकच गाणे नीट ऐकायचे असेल तर 'स्ट्रीट्स ऑफ लारेडो' घ्या. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला एक तरुण काउबॉय मरणपंथाला लागला आहे. तो वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाला थांबवतो, आपली हकीगत सांगतो आणि आपल्या अंत्ययात्रेची तपशीलवार व्यवस्था लावतो. ढोल हळू वाजवा, बासरी हलकी वाजवा, असेही सांगतो. आता विचार करा, टेक्सासच्या सीमेवरच्या लारेडो गावात काउबॉयच्या प्रेतयात्रेत लष्करी ढोल आणि बासरी कोठून आली? ती आली आहे आयर्लंड-इंग्लंडकडच्या एका जुन्या गाण्यातून. त्या गाण्याच्या अनेक रूपांत मरणारा माणूस सैनिक असतो, त्याला गुप्तरोग झालेला असतो आणि सैनिक असल्यामुळे त्याला लष्करी मानाची अंत्ययात्रा हवी असते. गाणे समुद्र ओलांडून टेक्सासला पोहोचले तेव्हा रोगाच्या जागी बंदुकीची गोळी आली, सैनिकाच्या जागी काउबॉय आला, पण ढोल आणि बासरी तशीच राहिली. याच वंशातली दुसरी फांदी न्यू ऑर्लिन्सच्या संगीतात 'सेंट जेम्स इन्फर्मरी' होऊन उगवली आणि लुई आर्मस्ट्राँग यांनी ती १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित केली. फोकवेज कंपनीने १९६० मध्ये या एकाच गाण्याची वीस रूपे एका तबकडीवर काढली होती. ती मिळाली तर एका बैठकीत ऐका. 'सगळी सारखी वाटतात' ही तक्रार त्यानंतर उरत नाही, कारण एकाच सांगाड्यावर किती वेगवेगळी माणसे उभी राहतात हे तेथे कानाला सरळ कळते.

'बरी मी नॉट ऑन द लोन प्रेरी' हे गाणेही असेच मुळात समुद्रात दफन होऊ नये म्हणून विनवणाऱ्या माणसाचे होते. पाण्याच्या जागी कुरण आले, एवढेच.

ध्वनिमुद्रणांत जुना बाज ऐकायचा तर कार्ल स्प्रेग यांचे १९२५ चे 'व्हेन द वर्क्स ऑल डन धिस फॉल' ऐका. ही मुळात डी. जे. ओ'मॅली यांची मोंटानातल्या एका वृत्तपत्रात १८९३ मध्ये आलेली कविता. हंगाम संपला की आईला भेटायला जाईन म्हणणारा काउबॉय त्याच रात्री बिथरलेल्या कळपापुढे घोड्यासकट कोसळतो आणि मरताना आपल्या वस्तू सोबत्यांना वाटून देतो: खोगीर एकाला, अंथरूण दुसऱ्याला, पिस्तूल तिसऱ्याला. ही वाटणी ऐकताना क्षणभर थांबा, कारण ती त्या माणसाच्या एकूण मालमत्तेची यादी आहे. स्प्रेग ती वाचून दाखवल्यासारखी गातात. आवाज खरखरीत आहे, साथ जेमतेम आहे, आणि पहिल्या ऐकण्यात ते रुचेलच असे नाही. म्हणून मी सुरुवात येथून करायला सांगत नाही. इतिहासाच्या क्रमाने ऐकण्याचा आग्रह धरणाऱ्यांचे कान पहिल्याच आठवड्यात थकतात, असे मी पाहिले आहे.

दुसरा थर हॉलिवूडचा. १९३५ पासून जीन ऑट्री यांचे गाणाऱ्या काउबॉयचे चित्रपट येऊ लागले आणि एका पिढीच्या मनात काउबॉय म्हटले की गिटार हे समीकरण पक्के झाले. मार्टिन कंपनीची आज लाखमोलाची मानली जाणारी डी-४५ ही गिटार १९३३ मध्ये पहिल्यांदा घडवली गेली ती ऑट्री यांच्यासाठीच. या काळातली गाणी गोष्ट सांगत नाहीत, ती देखावा उभा करतात. माझ्या मते त्यांतले सर्वोत्तम काम 'सन्स ऑफ द पायोनियर्स' या गटाचे आहे. लेनर्ड स्लाय, बॉब नोलन आणि टिम स्पेन्सर या तिघांनी तो लॉस एंजेलिसमध्ये सुरू केला; यांतले स्लाय पुढे रॉय रॉजर्स या नावाने चित्रपटांत गेले. गटाची बरीच उत्तम गाणी लिहिणारे नोलन जन्माने कॅनडाचे होते, वाळवंट त्यांनी किशोरवयात ॲरिझोनात पाहिले आणि त्याचा ठसा त्यांच्यावर कायम राहिला. त्यांच्या 'कूल वॉटर'मध्ये तहानेने व्याकूळ माणूस आणि त्याचे डॅन नावाचे खेचर मृगजळामागे चालत राहतात. मुख्य गायक पाणी हा शब्द उच्चारतो आणि मागचे आवाज तो प्रतिध्वनीसारखा परत पाठवतात. पहिल्यांदा ऐकताना फक्त त्या मागच्या आवाजांकडे लक्ष द्या. ते कधी येतात, किती हळू येतात, सगळ्यांचे स्वर एकाच क्षणी कसे थांबतात, हे ऐकले की एरवी 'कोरस' म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीत केवढी मेहनत आहे हे कळते.

यॉडलिंग, म्हणजे छातीच्या आवाजातून एकदम डोक्याच्या आवाजात मारलेली उडी, तीही याच काळात पश्चिमेच्या गाण्यांत पक्की रुजली. १९३५ मध्ये पॅट्सी मोंटाना यांनी मुद्रित केलेले 'आय वॉन्ट टू बी अ काउबॉयज स्वीटहार्ट' हा तिचा उत्तम नमुना आहे, आणि पुरुषांच्या या जगात एका बाईने घोड्यावर बसण्याची इच्छा बोलून दाखवणे याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आपल्या कानांना हा प्रकार परका नाही, कारण किशोरकुमारांनी तो जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्यांवरून उचलल्याचे नेहमी सांगितले जाते.

तिसऱ्या थरात तुमचे 'बिग आयर्न' येते. मार्टी रॉबिन्स यांचा जन्म १९२५ चा, ॲरिझोनातल्या ग्लेंडेलचा. त्यांचे आजोबा त्यांना लहानपणी पश्चिमेच्या गोष्टी सांगत असत. दूरचित्रवाणीवर काउबॉयच्या मालिकांची लाट असताना त्यांनी नॅशव्हिलमध्ये ७ एप्रिल १९५९ या एका दिवसात 'गनफायटर बॅलड्स अँड ट्रेल साँग्ज' हा बारा गाण्यांचा अल्बम मुद्रित केला. माझे स्पष्ट मत असे आहे की तुम्ही यादी बंद करावी आणि हा अल्बम क्रमाने ऐकावा. कारण यात तिन्ही थर एका आवाजात मिळतात. 'युटा कॅरल' हे जुने गाणे, बिथरलेल्या कळपातून मालकाच्या लहान मुलीला वाचवताना मरणाऱ्या काउबॉयचे. 'स्ट्रॉबेरी रोन' बढाईखोर घोडेस्वाराची फजिती सांगणारे, निखळ विनोदी. 'कूल वॉटर' नोलन यांचे. आणि रॉबिन्स यांनी स्वतः रचलेली 'बिग आयर्न' आणि 'एल पासो'. गायक तोच, साथीदार तेच, त्यामुळे फरक पडतो तो फक्त गाण्याच्या जातीचा, आणि तो ओळखायला शिकणे हेच तुमचे पहिले काम आहे.

'बिग आयर्न' तुम्हाला पाठ असेल, तरी त्यातले आकडे पुन्हा ऐका. गुंडाचे वय चोवीस, त्याच्या पिस्तुलावरच्या खुणा एक आणि वर एकोणीस, दोघे रस्त्यावर उतरतात ती वेळ अकरा वाजून वीस मिनिटे, दोघांमधले अंतर चाळीस फूट. एखाद्या पंचनाम्यात शोभावेत असे हे तपशील आहेत, आणि त्यांच्यामुळेच ही काल्पनिक चकमक घडून गेलेली वाटते. प्रत्यक्ष चकमक मात्र गाण्यात क्षणार्धात उरकते. मागे ग्लेझर बंधूंचे आवाज आहेत. ते झीलकऱ्यांसारखे शेवटचे शब्द उचलून धरतात.

आता 'एल पासो'. याच्यावर थोडे रेंगाळू, कारण काउबॉय बॅलड कशी ऐकावी हे शिकवायला मला याहून चांगले साधन सापडलेले नाही. गोष्ट साधी आहे. टेक्सासच्या पश्चिम टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासो गावात रोझाच्या कँटिनात, म्हणजे मद्यालयात, एक काउबॉय फेलीना नावाच्या मुलीवर जीव जडवतो. दुसरा एक तरुण तिच्याबरोबर बसलेला पाहून तो त्याला आव्हान देतो, गोळी झाडतो, मागच्या दाराने पळतो, घोडा चोरतो आणि न्यू मेक्सिकोच्या माळरानात नाहीसा होतो. पण राहवत नाही म्हणून परततो, आणि तिच्या मिठीत मरतो.

पहिल्या वेळी एवढी गोष्ट कळली तरी पुरे. दुसऱ्या वेळी क्रियापदांचे काळ ऐका. गाणे सुरू होते ते भूतकाळात: प्रेम जडले, गोळी झाडली, पळालो. एखादा माणूस जुनी हकीगत सांगतो आहे असे आपण धरून चालतो, आणि सांगतो आहे त्याअर्थी तो वाचला असणार, अशी मनाची समजूतही करून घेतो. मग तो टेकडीवर पोहोचतो आणि वाक्ये वर्तमानकाळात येतात. खाली रोझाचे कँटिना दिसते आहे, उजवीकडे पाच घोडेस्वार आहेत, डावीकडे डझनभर किंवा जास्त. ही कलाटणी गायक कोठेही अधोरेखित करत नाही, पण त्या क्षणापासून त्याचा वाचण्याचा भरवसा संपतो. शेवटच्या ओळीनंतर प्रश्न पडतो की मेलेल्या माणसाने ही गोष्ट सांगितली कोणाला? गाणे त्याचे उत्तर देत नाही आणि देऊ नये.

तिसऱ्या वेळी फक्त गिटार ऐका. ठेका तीन मात्रांचा, वॉल्ट्झचा आहे आणि ओळींच्या मधल्या जागांत ग्रॅडी मार्टिन स्पॅनिश ढंगाचे छोटे तुकडे वाजवतात. गायक घोडा दौडवत असतो, गोळी झाडत असतो, आणि गिटार मात्र अखेरपर्यंत त्या कँटिनातच बसलेली असते. गाण्याचा सूर दुःखी न ठेवता दुःख कसे सांगता येते हे येथे कळते. गाणे साडेचार मिनिटांहून लांब होते आणि त्या काळच्या रेडिओला एवढी लांबी परवडत नसे. कंपनीने रेडिओ केंद्रांसाठी काढलेल्या तबकडीच्या एका बाजूला छोटी आवृत्ती दिली होती. तरीही १९६० च्या आरंभी ते कंट्री आणि पॉप या दोन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेले आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळाले.

आवडले तर पुढे दोन भाग आहेत. १९६६ चे 'फेलीना' आठ मिनिटांहून लांब आहे आणि तिच्या बाजूने गोष्ट सांगते. १९७६ च्या 'एल पासो सिटी'मध्ये विमानातून त्या गावावरून जाणाऱ्या एका माणसाला वाटते की तो काउबॉय आपणच तर नव्हतो ना, मागच्या जन्मी! पुनर्जन्माची कल्पना आपल्याला इतकी सरावाची आहे की ते गाणे अमेरिकी श्रोत्यांपेक्षा मराठी श्रोत्याला अधिक सहज पटावे, असे मला गमतीने वाटते.

यानंतर 'घोस्ट रायडर्स इन द स्काय' घ्या. डेथ व्हॅलीत वनरक्षकासारखी नोकरी करणाऱ्या स्टॅन जोन्स यांनी ते १९४८ मध्ये रचले आणि व्हॉन मन्रो यांच्या आवाजात ते १९४९ मध्ये गाजले. मायनर स्केलमधली, म्हणजे उदास छटेच्या स्वरांतली, ही भुताटकीची गोष्ट आधीच्या साऱ्या गाण्यांपेक्षा रंगाने वेगळी आहे. तोवर स्प्रेग आणि इतर जुनी माणसे ऐकण्याइतका कान तयार झालेला असतो.

भाषेबद्दल. बोली पूर्ण समजण्याची गरज नाही, आणि मार्टी रॉबिन्स तर इतके स्वच्छ उच्चारतात की शालेय इंग्रजीवर भागते. अडते ते शब्दकोशापाशी कमी आणि व्यवहाराच्या माहितीपाशी जास्त. उदाहरणार्थ, याच अल्बमवरच्या 'अ हंड्रेड अँड सिक्स्टी एकर्स'मध्ये नेमके १६० एकरच का, हे कळायला १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्याला तेवढीच जमीन मिळत असे हे ठाऊक हवे. गाण्यात शरद ऋतू आला की गुरे गोळा करून विकण्याचा आणि मजुरी हाती पडण्याचा हंगाम समजायचा. रात्रीचा पहारा आला की धोका जवळ आहे असे समजायचे. अशा पाच-सात गोष्टी कळल्या की पुष्कळ कडवी आपोआप उलगडतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी गाणे ऐकण्याआधी गीत वाचायला देतो आणि ते बंद करून गोष्ट मराठीत तोंडी सांगायला लावतो. ज्याला ती पाच वाक्यांत सांगता येते त्याला गाणे कधीच कंटाळवाणे वाटत नाही.

एक इशारा. या गाण्यांतले जग म्हणजे इतिहास नव्हे. गुरे राखण्याची विद्या, दोरखंड, खोगीर हे सगळे मेक्सिकन वाकेरो गुराख्यांकडून आलेले आहे. काउबॉयांपैकी साधारण चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे, पण चित्रपटांतून तो जवळजवळ पुसला गेला. 'गुडबाय ओल्ड पेंट' हे गाणे जेस मॉरिस यांनी लहानपणी चार्ली विलिस या कृष्णवर्णीय काउबॉयकडून घेतले आणि १९४२ मध्ये जॉन लोमॅक्स यांनी ते मॉरिस यांच्या फिडलसह (म्हणजे व्हायोलिनसह) लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मुद्रित केले. आवर्जून ऐका, त्यातली फिडल अंगावर काटा आणते. ती कुरणे ज्या मूळ रहिवाशांकडून हिरावली गेली त्यांच्याविषयी मात्र ही गाणी गप्प असतात किंवा वैराने बोलतात. आणि सीमेच्या दोन्ही अंगांना मेक्सिकन लोकांचा 'कोरिदो' हा कथागीतांचा प्रकार आहे. १९०१ मध्ये टेक्सासमध्ये एका शेरीफला मारून दहा दिवस पाठलाग चुकवणाऱ्या ग्रेगोरिओ कोर्तेझचा कोरिदो ऐकला की तेच बंदूक, घोडा आणि पाठलाग यांचे जग पलीकडच्या डोळ्यांनी दिसते. 'एल पासो'मधली गिटार कोठून आली हाही प्रश्न मग पडत नाही.

अलीकडचे कलाकार हवे असतील तर २०२२ मध्ये निवर्तलेले इयन टायसन आणि डॉन एडवर्ड्स, आणि आजच्या तरुणांत कॅनडाचे कोल्टर वॉल. नेवाडातल्या एल्को येथे १९८५ पासून काउबॉय कवींचा मेळावा भरतो, त्याची ध्वनिमुद्रणेही ऐकण्याजोगी आहेत.

राहिला स्वतः गाण्याचा प्रश्न. जरूर गा. गिटारीच्या दृष्टीने ही गाणी सोपी आहेत: जी, सी आणि डी हे तीन कॉर्ड, आपल्या आवाजाला सोयीच्या जागी कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी बदलणारा चिमटा), उजव्या हाताने आधी खर्जाची तार आणि मग हलके दोन झणकार. सुरुवात 'स्ट्रीट्स ऑफ लारेडो'ने करा, कारण तीन मात्रांचा ठेका त्यात संथ आहे आणि गाताना श्वास घ्यायला जागा मिळते. टेक्सासचे उच्चार ओढूनताणून आणू नका; आपल्या नेहमीच्या उच्चारांत गायलेली गोष्ट श्रोत्याला अधिक नीट कळते. मरणाच्या कडव्याला आवाज कापरा करण्याचा मोह होईल, तो टाळा. लय कमी करू नका आणि गिटार मोठी करू नका. 'एल पासो' मात्र सर्वांत शेवटी घ्या, कारण एवढी कडवी क्रम आणि क्रियापदांचे काळ न चुकवता गाणे हेच त्यातले खरे अवघड काम आहे. ग्रॅडी मार्टिन यांचे तुकडे वाजवायचे की नुसता ठेका धरायचा, हे त्यानंतर ठरवता येईल.